गोदाकाठचा आडोसा

भारतीय काव्यशास्त्रात एका नदीकाठच्या झुडपांवरून काही शतके वाद चालला, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. ती नदी गोदावरी. एक धर्मशील गृहस्थ पूजेची फुले तोडायला तिच्या काठाकडे येत असतो आणि वाटेतल्या कुत्र्याला घाबरत असतो. एक बाई त्याला कळवते, की आता निर्धास्त हिंडायला हरकत नाही. तो कुत्रा मेला, काठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारले. वरवर पाहता हे आश्वासन आहे. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जाळीकडे फिरकेल कशाला? बाईला नेमके तेच हवे आहे. ती जाळी तिच्या भेटीगाठींची जागा आहे आणि रोजच्या फुले तोडण्याने तिथला आडोसाही जातो, एकांतही जातो.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये, अवन्तिवर्म्याच्या काळात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दांनी सांगितलेला अर्थ एक आणि त्यातून उमटणारा अर्थ त्याच्या अगदी उलट असू शकतो, हे दाखवण्यासाठी त्याने जे पहिले उदाहरण घेतले, ते हेच. पुढे महिमभट्टाने हरकत घेतली, की यात ध्वनी वगैरे काही नाही. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे तसेच हे अनुमान आहे. सिंह आहे, म्हणून भित्र्या माणसाने जाऊ नये. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याला दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. तो विचारतो, की सिंह आहे हे सिद्ध कुठे झाले? त्या बाईच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही, आणि ती बाई खरेच बोलत असेल असे कोणी सांगितले? शिवाय भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापायी भयाच्या जागी जातोच. तेव्हा हे अनुमान टिकत नाही. पैठणपासून सरळ रेषेत सुमारे १६०० किलोमीटरवर, बर्फाच्या प्रदेशात बसून ही विद्वान मंडळी गोदाकाठच्या झुडपांचा कीस काढत होती. त्यांपैकी कोणी गोदावरी पाहिली होती का, या प्रश्नाने त्यांचे काही अडले नाही.

ज्या ग्रंथात हे पद्य आहे, तो हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. परंपरा हालाला इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवते. आजचे अनेक अभ्यासक संग्रहाचा बराचसा भाग त्यानंतरचा मानतात. नाव सातशेचे असले तरी निरनिराळ्या पाठपरंपरा एकत्र केल्यावर जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांच्या १८८१ च्या आवृत्तीत गाथांची संख्या ९६४ पर्यंत गेली, आणि सर्व परंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च निघाल्या. आपल्याकडे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत गंगाधरभट्टाच्या टीकेसह ती छापली आणि १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी दीर्घ प्रस्तावनेसह ती मराठीत आणली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने केलेल्या मांडणीत ‘गाथासप्तशती’ हा एक महत्त्वाचा आधार होता. दर्जा मिळाल्यावर सत्कार पुष्कळ झाले. ज्या पुस्तकाच्या जोरावर तो मिळाला, ते पुस्तक त्यानंतर किती घरांत उघडले गेले असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

मला या लेखात एकच प्रश्न धसाला लावायचा आहे. भूप्रदेशातून कविता होते, निसर्गाने आनंद होतो, असे आपण सहज म्हणतो. शाळेपासून ‘निसर्गवर्णन’ हा शब्द आपल्या कानी पडलेला असतो. डोंगर, नदी, पाखरे समोर, कवी बाजूला उभा, आणि पाहणे हाच आनंद, अशी त्या शब्दामागची कल्पना आहे. गाथेत नदी आहे, शेते आहेत, मोह, कदंब, करंज, पळस आहेत, विंध्याच्या माथ्यावर जमणारे ढग आहेत. पण त्या कल्पनेतला बाजूला उभा राहणारा माणूस तिथे फारसा सापडत नाही. त्याला जागाच नाही, असेही म्हणता येईल. गाथा हे छोटे वृत्त: पहिल्या अर्धात ३० मात्रा, दुसऱ्यात २७. सगळ्या मिळून ५७ मात्रांत माणूस, त्याची अडचण, त्याचा डाव आणि ऋतू, इतके बसवायचे. ‘मेघदूता’तला ढग रामगिरीवरून निघतो, वा. वि. मिराशींच्या मते आपल्या रामटेकवरून, आणि नर्मदा, विदिशा, उज्जयिनी असे देशच्या देश वरून न्याहाळत जातो. त्याला मंदाक्रांतेची ऐसपैस चाल मिळालेली आहे. गाथेला ती चैन परवडत नाही. तिथे झाड आले, तर त्याला काम करावेच लागते.

ते काम कोणते, हे पाहण्यासाठी आधी शेतांकडे जावे.

एका गाथेत कापसाच्या रानात नांगरणीचा मुहूर्त आहे. नांगराची पूजा करायची, त्यावर मंगलचिन्हे रेखायची. ते रेखणाऱ्या बाईचे हात थरथरतात. कारण काय, तर तिच्या डोळ्यांपुढे आजचे उघडे रान नाही; पेरून, वाढून, माणूस झाकेल एवढा झालेला कापूस तिला दिसतो आहे. काळ्या ढेकळांत तिला चार महिन्यांनंतरचा एकांत दिसतो. मराठवाड्यातला कापूस आज आपण भाव आणि बोंडअळी यांच्याच संदर्भात ऐकतो. त्याच पिकाच्या पहिल्या तासाला कोणा बाईचे हात आनंदाने कापले असतील, ही कल्पना इतक्या शतकांपूर्वीच्या कवीला सुचली. हा भूप्रदेशाचाच आनंद आहे. मात्र तो देखाव्याचा नाही.

दुसरी गाथा सुगीची. साळीची शेते पांढुरकी होऊ लागली, म्हणजे आता कापणी होणार, म्हणजे लपायची जागा जाणार. मान खाली घालून रडणाऱ्या मैत्रिणीला सखी धीर देते, की रडतेस कशाला, तिकडे तागाचे वावर बघ. हरताळाने तोंड रंगवलेल्या नटीसारखे ते सजले आहे. ज्याने तागाचे शेत पाहिले आहे, त्याला इथे थांबावेसे वाटेल. ताग माणसाच्या डोक्यावर जातो, दाट वाढतो आणि शेंड्यांवर हळदीपेक्षा तेजस्वी पिवळी फुले येतात. साळ पिकत येते, त्या सुमाराला ताग फुलावर असतो. म्हणजे उपमा नुसती शोभेची नाही. सखीने पिकांचे वेळापत्रक पाहून दिलेला तो व्यवहारी सल्ला आहे: हे रान मोडले तरी ते रान उभे आहे. आणि नटीची उपमाही सहज आलेली नाही. नटी म्हणजे रंग लावलेला चेहरा, सोंग, रात्रीचा खेळ. तागाच्या शेतात जे घडणार आहे, त्याला ती शोभते.

मोहाची गाथा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मोहाची फुले संपत आली आहेत. उरलीसुरली फुले वेचणारी बाई रडते आहे, आणि चितेतून आप्ताची हाडे वेचावीत तशी ती ती फुले वेचते आहे, असे कवी म्हणतो. फुले वेचायला जाणे हेच रानात जाण्याचे निमित्त होते. हंगाम संपला, निमित्त संपले. मोहाचे गळालेले फूल फिकट, गोलसर, जमिनीवर विखुरलेले असते. अस्थींची उपमा डोळ्यांनाही पटते. एवढ्याशा जागेत एका झाडाच्या हंगामाला मरणाचे वजन आले आहे.

या साऱ्या गाथांमध्ये भूप्रदेशाकडे पाहणारी नजर कोणाची आहे, हे ध्यानात घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. ती बहुधा घरातल्या सुनेची आहे. गाथेत सासू आहे, नणंद आहे, दीर आहे, शेजारीण आहे, गावच्या पाटलाचा पोरगा आहे. घरात एकांत नाही. भिंती आहेत, पण त्या तिच्या कामाच्या नाहीत. तिला बाहेर पडता येते ते पाण्याला, धुण्याला, सरपणाला, राखणीला, फुले वेचायला. म्हणजे तिचे कामच तिला नदीपर्यंत नेते. रसिकाने सहलीला जाऊन पाहिलेली ही नदी नव्हे. दिवसातून दोनदा, डोक्यावर घागर घेऊन, पाय जपून टाकत उतरावे लागणारी नदी आहे. घरात जे मिळत नाही, ते तिथल्या काठावर घटकाभर मिळते.

म्हणून गाथेतली गोदावरी उताराने, दरडीने, पाणवठ्याने ओळखू येते. तिच्या पाण्याच्या रंगाचे कौतुक क्वचितच होते. एका गाथेत नांगऱ्याची सून काठावर उभा असलेला गृहस्थाचा मुलगा पाहते आणि मुद्दाम अवघड वाटेने जायला लागते. का, ते कवी सांगत नाही. पाय घसरला तर कोणीतरी हात द्यायला हवा, एवढे वाचकाला कळले की पुरे. दुसरीत उतार विषम आहे, हे निमित्त करून ती त्याच्या अंगावर कलते आणि तोही सावरण्याच्या निमित्ताने तिला धरतो. दोघांनाही निमित्त नदीने पुरवले. तिसरीत एक वडीलधारी बाई फुले तोडायला निघालेल्या पोरीला समजावते, की देवांना ओंजळभर पाणीही पुरते, तू तिकडे जाऊ नकोस. गोदेचे काठ शील मुळासकट उपटून काढतात. नदीकाठची माती पुराने धसते, काठची झाडे मुळांसह कोसळतात, हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ही भाषा सुचते. पावसाळ्यानंतर गोदाकाठच्या मळईच्या दरडी अजूनही तशाच ढासळतात.

आता एक अशी गाथा घेऊ, जी नुसते निसर्गचित्र वाटते. कमळाच्या पानावर एक बगळी अगदी निश्चल बसली आहे. पाचूच्या तबकात शंखशिंपली ठेवावी तशी ती शोभते. एवढेच. पांढरे आणि हिरवे, बाकी काही नाही. मम्मटाने ही गाथा दुसऱ्या उल्लासात घेतली आणि तिचे पदर सोडवून दाखवले. बगळी हलत नाही, म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, म्हणजे इथे माणसांची ये-जा नाही. ये-जा नाही, म्हणजे भेटायला ही जागा चांगली, असे कोणी कोणाला सुचवते आहे. किंवा, मम्मट पुढे म्हणतो, ‘तू खोटे बोलतोस, तू इथे आलाच नव्हतास’ असे ती त्याला सुनावते आहे. आला असतास तर बगळी उडाली असती.

या वाचनाची मला गंमत वाटते, आणि ते मला पूर्ण पटतही नाही. गाथेच्या टीकाकारांना एक सवय जडली आहे. पुष्कळ गाथांच्या आधी ते सांगतात, की अमुक प्रकारची स्त्री अमक्याला ऐकवण्यासाठी हे बोलते. वळवाचा पाऊस असो, करंजाची सावली असो, माकडांची टोळी असो, त्यांच्या लेखी तो संकेत असतो. अशा वाचनाने दुखावले जाते ते बगळीचे शंखासारखे पांढरेपण. ते पाहून झालेला आनंद ही स्वतंत्र घटना होती, याची टीकाकाराला दखलच राहत नाही. उलट बाजूने, आपल्या शालेय वळणाने ही गाथा ‘सुंदर निसर्गवर्णन’ म्हणून बाजूला काढली, तर बगळी का हलत नाही, हा प्रश्नच आपण विचारत नाही. माझे मत असे, की आधी पाहणे घडले आणि मग त्या पाहण्याचा उपयोग झाला. पण ज्याला रोज आडोसा शोधावा लागतो, त्याचीच नजर बगळीच्या निश्चलतेवर खिळते. मोकळ्या माणसाला बगळी दिसते. तिचे न हलणे दिसायला काहीतरी गरज असावी लागते. गरज आणि आनंद यांची अशी सरमिसळ वेगळी करू गेलो, तर दोन्ही हातचे जातात.

निव्वळ पाहण्याचा आनंद गाथेत नाहीच, असे मात्र कोणी समजू नये. झाडाच्या ढोलीतून पोपटांचा थवा बाहेर पडतो, तेव्हा कवीला वाटते, शरदात ताप चढलेले झाड रक्तमिश्रित पित्त ओकते आहे. हिरवे पंख, लाल चोची. उपमा किळसवाणी आहे आणि विलक्षण अचूक आहे. पावसाळा सरल्यावर येणारे हिवतापाचे दिवस ठाऊक असलेल्या समाजातच ती जन्मू शकते. निसर्ग म्हणजे गोड, कोमल, प्रसन्न, हे समीकरण त्या कवीने ऐकलेले नव्हते. आणखी एका गाथेत वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितो आहे. वर बघत, बोटे फाकवून, म्हणजे पाणी गळून जावे आणि पिणे लांबावे. आणि पाणी घालणारी धार बारीक करत जाते. उन्हाळा, वाट, तहान यांतले एकही वर्णन तिथे नाही, तरी उन्हाची तिरीप अंगावर येते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. डच अभ्यासक हेर्मन टीकेन यांनी असे मांडले आहे, की गाथा हे खेड्यातल्यांचे उद्गार नव्हेत. दरबारातल्या, नागर रसिकांनी खेडवळ माणसांची थोडी गंमत करत रचलेले ते साहित्य आहे. याला पूरक असा एक जुना दाखलाही आहे. सातव्या शतकातला बाणभट्ट ‘हर्षचरिता’च्या आरंभी सातवाहनाच्या या सुभाषितकोशाची स्तुती करताना त्याला ‘अग्राम्य’ म्हणतो. पानोपानी गाव, आणि विशेषण अग्राम्य! ऐकणारा वर्ग कोणता होता, हे त्या एका शब्दाने कळते. मग नांगऱ्याच्या सुनेची नजर वगैरे मी जे म्हणतो आहे, ते खोटे ठरते का?

मला तसे वाटत नाही, पण आपल्या बाजूने वाजवीपेक्षा जास्त ओढायचेही कारण नाही. ताग कधी फुलतो, हे ठाऊक असणे म्हणजे ताग पेरलेला असणे नव्हे. टीकाकार ज्या कवींची नावे देतात, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांचीही नावे आहेत; पण नावावरून घर कळत नाही. एवढे मात्र खात्रीने म्हणता येईल, की रचणारे कोणी का असेनात, त्यांनी ज्या वस्तू हाताशी घेतल्या, त्या शिवारातून आणल्या. त्यांची योजना शिवारात राहणाऱ्याच्या अडचणींप्रमाणे झाली आहे. दरबारी कवी खेड्याची टर उडवू लागला, की पिके, झाडे, माणसे एकाच रंगाची दिसू लागतात. इथे साळ वेगळी, ताग वेगळा, कापूस वेगळा. प्रत्येकाची उंची, दाटी, कापणीची वेळ वेगळी, आणि गाथेचा अर्थ त्या फरकावर उभा. चिखलाची एक गाथा पाहावी. चिखलात रुतलेला नांगराचा फाळ दिवसभर ओढून दमलेला नवरा रात्री मेल्यासारखा झोपतो, आणि त्याची बायको पावसाळ्याला शिव्या घालते. मूळ शब्द ‘चिक्खल्ल’ आहे. आपण अजून तोच वापरतो. पहिल्या पावसाचा आनंद सगळ्यांनीच गायला. काळ्या रानात वाफसा नसताना औत घालणाऱ्याच्या घरी पाऊस काय करतो, हे फार थोड्यांनी सांगितले. ते सांगणाऱ्याला तुम्ही हसणारा म्हणा की कळवळणारा म्हणा, पण तो लांबून बघणारा नव्हता.

भूप्रदेश आणि भावना यांची सांगड दक्षिणेत तमिळ संगम कवितेने फार काटेकोरपणे घातली. डोंगर म्हणजे मीलन, वनकुरण म्हणजे धीराने वाट पाहणे, भातशेती म्हणजे रुसवा, समुद्रकिनारा म्हणजे तळमळ, रखरखीत वाट म्हणजे ताटातूट: असे पाच ‘तिणै’ आणि त्यांतल्या प्रत्येकाचे फूल, पाखरू, वेळ, ऋतू ठरलेले. डोंगराचे फूल कुरिंजी, बारा वर्षांनी एकदा फुलणारे. सह्याद्रीतली आपली कारवी त्याच कुळातली. जॉर्ज हार्ट या अभ्यासकाने १९७५ मध्ये गाथा आणि संगम कविता यांतली साम्ये मांडून, दोन्हींचे मूळ दख्खनच्या एका समाईक मौखिक परंपरेत असावे, असा तर्क केला. साम्ये डोळ्यांत भरतात, हे खरे. पण फरकही तेवढाच मोठा आहे. तमिळ कवीच्या हाती भूप्रदेशाचे व्याकरण आहे. डोंगर म्हटला की काय घडणार, हे जाणकाराला आधीच कळते. गाथेत असे ठरलेले काही नाही. तीच गोदावरी एकीला वर चढायला लावते, दुसरीला खाली ढकलते, तिसरीची आजी तिला तिथे जाऊ देत नाही. नियम नसल्यामुळे प्रत्येक वेळी जागा नव्याने ओळखावी लागते. मला व्यक्तिशः हे जास्त भावते, पण तो आवडीनिवडीचा भाग झाला.

विरहाच्या गाथांत भूप्रदेश घरात शिरतो. नवरा परदेशी गेला आहे. येण्याचे दिवस तिने भिंतीवर लिहून ठेवले आहेत. झंझावाताने छप्पर उघडे पडते, आतून पाण्याच्या धारा लागतात, आणि ती स्वतःला न सावरता त्या लिहिलेल्या दिवसांवर तळहात धरून उभी राहते. दुसरी एक जण, तो आज गेला, आज गेला, असे म्हणत दिवसाच्या पहिल्या अर्ध्यातच सगळी भिंत रेघांनी भरून टाकते. एरवी जी भिंत तिला नकोशी होती, तीच इथे तिची वही होते. आणि पाऊस, ज्याच्या आडोशाची एरवी मदत झाली असती, तो ती वही पुसायला आला आहे.

आधुनिक मराठीत भूप्रदेशाची कविता म्हटली, की बालकवींचे नाव निघते, आणि ते रास्तच आहे. १८९० मध्ये खानदेशात धरणगावला जन्मलेल्या या कवीने अवघ्या आठ ओळींच्या ‘औदुंबर’मध्ये एक गाव, एक वाट आणि पाण्यावर झुकलेले एक झाड ठेवून दिले, आणि ते झाड उदास आहे की विरक्त की निव्वळ झाड आहे, यावर समीक्षकांनी पिढ्यानपिढ्या लिहिले. मम्मटाने बगळीचे जे केले, तेच मराठी समीक्षेने त्या झाडाचे केले. बालकवींच्या कवितेत मात्र पाहणारा आणि दृश्य यांच्यात अंतर आहे. ते इंग्रजी रोमँटिक कवितेकडून आलेले, हेही उघड आहे. गाथेचे ते शिवार, जिथे पीक, शरीर आणि चोरटा आनंद एकत्र नांदतात, पुन्हा दिसते ते ना. धों. महानोरांत. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याला शेती करणाऱ्या या कवीचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. त्यांनी गाथेवरून काही घेतले, असे मला सुचवायचे नाही. ज्वारीच्या, कपाशीच्या रानात दिवस काढणाऱ्याला त्या गोष्टी पुन्हा सुचतात, एवढेच. आणि ज्यांनी छापील पुस्तक कधी पाहिले नाही, त्या बायकांनी जात्यावर जे गायले, त्यात तर शेताचा बांध, आंब्याची सावली, नदीचा उतार ही ठिकाणे सतत येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. फरक इतकाच, की ओवीत त्या ठिकाणी बहुधा भाऊ भेटतो, गाथेत दुसरा कोणी.

शेवटी पुन्हा त्या जाळीकडे. गाथेत गोदाकाठची झुडपे म्हणून ‘वेतस’ वारंवार येतो. अनुवादांत त्याचा कधी वेत होतो, कधी वेळू. वेत ही दमट, घनदाट जंगलातली काटेरी वेल. पैठणच्या कोरड्या पठारावर नदीकाठी तिची जाळी माजेल, हे मला संभवनीय वाटत नाही. माझा तर्क वाळुंजाकडे जातो. वाळुंज हे आपल्याकडचे रानटी विलो. पाण्याच्या कडेला, वाळूत मुळे रोवून, पुरात वाकून पुन्हा उभे राहते. आडनावांत ते झाड शाबूत आहे. काठावर किती शाबूत आहे, ते जागोजाग जाऊनच पाहावे लागेल. वाळूचे उपसे जिथे चालतात, तिथे ज्यात त्याने मुळे धरायची, ती वाळूच राहत नाही. पैठणच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण आहे. १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये उद्घाटन. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, बगळे तर बारमाही. धरणाखाली नदीला पाणी केव्हा यावे, हे आता दरवाजे ठरवतात. त्या धरणाने कितीएक तालुक्यांची तहान भागवली आहे, तेव्हा नुसता गळा काढण्यात अर्थ नाही. पण काठाचा उतार, दरड आणि दरवर्षीचा पूर या तिन्हींवर ज्या गाथा उभ्या आहेत, त्या समजून घ्यायला आता धरणाच्या वर किंवा उपनद्यांच्या काठी जावे लागते.

आणि ताग. ताग अजून पेरतात, पण बहुधा हिरवळीच्या खतासाठी. दीड-दोन महिन्यांचा झाला, फुलकळी दिसू लागली, की तो तिथेच नांगरून मातीत गाडतात; फुलू दिला तर खोड चिवट होते आणि लवकर कुजत नाही. हरताळ माखलेली ती नटी बघायची असेल, तर ज्याने बियाण्यासाठी एखादा वाफा राखला आहे, असा शेतकरी गाठावा लागतो.